लांबच्या रस्त्यानं घरी

पन्नाशीच्या आसपास माणसाला व्यायामाची आठवण बहुधा डॉक्टरच करून देतात. मलाही त्यांनीच करून दिली. नऊ वर्षांपूर्वी रक्ताच्या तपासणीचा कागद पाहता पाहता त्यांनी एका आकड्याभोवती पेनानं गोल काढला आणि म्हणाले, "चालायला लागा, नाहीतर गोळ्या वाढवत राहू." मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. माझे अब्बा अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले, तेही साखर आणि हृदय या दोघांनी मिळून. शाळेत मी गणितात कच्चा होतो. पण त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीतच मला एक वजाबाकी बिनचूक करता आली. उत्तर आलं अकरा.

एवढी भीती पोटात असताना माणूस दुसऱ्या दिवसापासून चालायला लागेल असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. बाजारातून पांढरे बूट आणले आणि पहाटे आर्णी रोडनं निघालो. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर गेलो नि आलो. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी नडग्या अशा दुखायला लागल्या की जिना उतरताना कठड्याला धरावं लागे. पंधरा दिवसांत ते बूट मुलाच्या पायात गेले.

मग वाटलं, पैसे गुंतवले की माणूस जातो. म्हणून एका जिममध्ये वर्षाची फी भरली. तिथं सगळी वीस-बावीसची पोरं. चारही भिंतींना आरसे, आणि त्या आरशांत एक पोट सुटलेला कारकून चार बाजूंनी दिसायचा. अकरा दिवस गेलो. बाराव्या दिवशी पुतण्याचं लग्न आलं, चार दिवस खंड पडला आणि तो खंड कायमचा झाला. पैसे बुडाले याचं दुःख होतंच, पण परत न जाण्याचं खरं कारण वेगळं होतं. तिथला शिकवणारा पोरगा विचारेल, "काहून चाचा, कुठं होते इतले दिवस?" या एका प्रश्नाला तोंड द्यायची मला लाज वाटत होती. व्यायाम सुटण्यामागे आळसापेक्षा ही लाज जास्त असते असं माझं मत झालं आहे. चार दिवस चुकले याची लाज, आणि त्या लाजेपोटी पुढचे चार महिने.

तिसरा प्रयत्न एक जानेवारीचा. त्याबद्दल न बोललेलंच बरं. डायरीची बारा पानं भरली.

मी कविता लिहितो, म्हणून मला हे लवकर कळायला हवं होतं. कविता सुचायची वाट पाहत बसणाऱ्याची कविता होत नाही. मी मात्र व्यायाम सुचायची वाट पाहत होतो. रोज पहाटे गादीवर पडल्या पडल्या स्वतःला विचारायचो, आज जावं का? हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं.

चौथ्या वेळी मी काहीच ठरवलं नव्हतं. २०१७ सालच्या हिवाळ्यात आमच्या घरापासून मशिदीपर्यंतची गल्ली पाइपलाइनसाठी खोदली गेली. एरवी फजरची नमाज झाली की चार मिनिटांत मी घरी. आता मोठ्या रस्त्यानं, मैदानाला वळसा घालून यावं लागे. बावीस मिनिटं. कुरकुर करत सहा-सात आठवडे असाच आलो. मग एके दिवशी गल्ली बुजवली. त्या दिवशी मशिदीतून बाहेर पडलो, चप्पल पायात सरकवली, आणि पाय आपोआप लांबच्या रस्त्याला वळले. अर्ध्यात गेल्यावर लक्षात आलं की गल्ली तर मोकळी झाली आहे. परत फिरणं बरं दिसेना. तसाच घरी आलो. दुसऱ्या दिवशीही तसंच. तेव्हापासून मी चालतो आहे.

हे असं का झालं असावं, याचा मी पुढे वाचून, विचारून शोध घेतला. त्यातलं जे पटलं ते सांगतो.

सवय लागायला एकवीस दिवस लागतात असं आपण सर्रास ऐकतो. या आकड्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या एका पुस्तकात आहे. ऑपरेशननंतर आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला 'निदान' हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडला आणि नाकाची गोष्ट व्यायामाला लागू झाली. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांना बारा आठवडे एकेक नवी सवय लावायला सांगितली. कोणी जेवणाबरोबर फळ, कोणी पाणी, कोणी व्यायाम. सवय अंगात मुरायला सरासरी ६६ दिवस लागले. पण खरी गंमत सरासरीत नाही. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला हिशेबानं २५४ लागतील असं दिसलं. आणि खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा व्यायामाच्या सवयीला वेळ जास्त लागला. म्हणजे एकविसाव्या दिवशी ज्यांना अजून कंटाळा येतो त्यांच्यात काही खोट नाही; ते रांगेत आहेत इतकंच.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार दिलासा देऊन गेली. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय मुरण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नाही. मी जिममधून ज्या चार दिवसांच्या लाजेनं पळालो, त्या लाजेला शास्त्राचा काही आधार नव्हता.

सवयीला एक खुंटी लागते. सदरा हवेत टांगता येत नाही. "रोज व्यायाम करीन" हे हवेत टांगणं झालं. "अमुक झालं की लगेच तमुक" ही खुंटी. आणि ती घड्याळाच्या वेळेपेक्षा एखाद्या ठरलेल्या कामाची असलेली बरी. फजरची वेळ आपल्याकडे जूनमध्ये पहाटे साडेचारच्या आगेमागे असते, जानेवारीत पावणेसहाच्या. वेळ सव्वा तासानं सरकते, पण नमाजेनंतर घरी येणं हा क्रम सरकत नाही. माझं चालणं त्या क्रमाला लटकलं, घड्याळाला लटकलं नाही. कोणाचं काकडआरतीला लटकेल, कोणाचं दुधाच्या पिशवीला, कोणाचं नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडण्याला. इथे एक खुलासा करतो. काही मंडळी कौतुकानं मला सांगतात की नमाज म्हणजे उत्तम व्यायामच. त्यांचा हेतू चांगला असतो, पण मला ते रुचत नाही. इबादत ही इबादत आहे. तिच्यातून गुडघ्याला फायदा होत असेल तर तो वरकड. मी नमाजेकडून व्यायाम घेतला नाही, तिच्याकडून फक्त वेळ घेतली.

आता शरीरात काय होतं ते. हे समजलं की चालण्याकडे पाहायची नजर बदलते.

आपल्या जिल्ह्यात कापसाच्या हंगामात खरेदी केंद्रासमोर गाड्यांची रांग लागते हे सांगायला नको. आत गोदामाचं दार उघडलं तर रांग सरकते, नाही उघडलं तर गाड्या रस्त्यावर अडून राहतात. जेवणानंतर रक्तात आलेली साखर म्हणजे या गाड्या, आणि तिचं सर्वांत मोठं गोदाम म्हणजे आपले स्नायू. दाराची किल्ली इन्सुलिनकडे. मधुमेहात, आणि त्याच्या आधीची कित्येक वर्षं, कुलूप गंजतं. किल्ली असूनही फिरत नाही. साखर रक्तात खोळंबून राहते आणि डोळे, मूत्रपिंडं, पायाच्या नसा यांचं नुकसान करते. आता महत्त्वाची गोष्ट. या गोदामाला एक मागचं दार आहे. स्नायू आकुंचन पावला, म्हणजे आपण पाय हलवले, की ते दार इन्सुलिनच्या किल्लीवाचून उघडतं. म्हणून रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या मारल्या तरी जेवणानंतर वाढणारी साखर कमी वाढते. आणि नियमित चालणाऱ्याचं पुढचं कुलूपही हळूहळू सैल होतं. मात्र याचा असर दोन-तीन दिवसच टिकतो. रविवारी एकदम दहा किलोमीटर चालून आठवडाभराची बेगमी करता येत नाही ती यामुळेच.

दुसरं असं की चाळिशीनंतर हे गोदामच लहान व्हायला लागतं. काही केलं नाही तर दर दहा वर्षांनी स्नायू काही टक्क्यांनी घटतात, साठीनंतर अधिक वेगानं. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण स्नायूची जागा चरबी घेते आणि काटा तिथल्या तिथे राहतो. जमिनीवर पंगतीला बसलेला माणूस उठताना हात टेकवायला लागला की समजावं. यावर नुसतं चालणं पुरत नाही. खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड काढतात तसं मागेपुढे होणं, टाचा उचलून उभं राहणं, असं काहीतरी आठवड्यातून दोनदा तरी करावं लागतं. आता या वयात काय ताकद यायची, असं म्हणणाऱ्यांसाठी १९९० सालचा बॉस्टनजवळचा एक प्रयोग सांगतो. मारिया फियाटारोन या डॉक्टरांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त म्हाताऱ्यांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आपण तर पन्नाशीतली पोरं.

बसण्यानं नेमकं काय बिघडतं हे जगाला पहिल्यांदा नीट दिसलं ते बसगाड्यांवर. आमच्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक चालक राहायचे. तीस वर्षं गाडी चालवली, बावन्नाव्या वर्षी बायपास झाली. ते म्हणायचे, "कवी, आमच्या बॅचचे कंडक्टर अजून सायकल हाणून राहिले, अन् आम्ही डायवर लोक दवाखान्याच्या चकरा मारून राहिलो." मला वाटे, हे त्यांचं दुःख बोलतंय. पण लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली हेच आकड्यांनिशी मांडलं होतं. तिथल्या दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसातून शेकडो पायऱ्या चढून-उतरून. दोघं एकाच थरातले, एकाच गाडीतले. तरी कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी, आणि झालाच तर उशिरा. टपाल खात्यातही तेच: पायी आणि सायकलवर पत्रं वाटणारे बरे, टेबलाशी बसणारे वाईट. मॉरिससाहेबांनी स्वतःही व्यायाम सोडला नाही. २००९ मध्ये ते वारले तेव्हा नव्याण्णव वर्षांचे होते.

हे शेजारी माझे चालण्यातले सोबती झाले. मशिदीच्या कोपऱ्यावर ते गळ्यात मफलर गुंडाळून उभे असत. त्यांचा रेडिओ खिशात, माझ्या तोंडात नुकतीच जुळत आलेली ओळ. किती वेगानं चालावं, हे ठरवायची एक सोपी युक्ती डॉक्टर लोक सांगतात: बोलता यावं, पण गाता येऊ नये. आम्ही ती आमच्या परीनं वापरली. मी शेर सांगू शकलो तर ठीक, तरन्नुममध्ये म्हणायला लागलो की ते ओरडत, "वाढवा, वाढवा!"

आता तुम्ही म्हणाल, व्यायामाची परंपरा काय आपल्याकडे नव्हती? होती, आणि मोठी होती. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली सुरू झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्यांच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला करून दाखवले. विदर्भातल्या किती शाळांत तिथं शिकलेले कवायतीचे गुरुजी होते. गावोगाव तालमी होत्या, आणि मोहरमच्या मिरवणुकीत लाठी फिरवायला त्याच तालमीतली हिंदू-मुसलमान पोरं एकत्र असत. पण ही सगळी परंपरा तरण्याबांड पोरांची. लग्न झालं, नोकरी लागली की लंगोट खुंटीला. मधल्या वयात, कुस्ती जिंकायची नसताना, कोणी पाहत नसताना व्यायाम कसा करावा, हे आपल्याला कोणी फारसं शिकवलं नाही.

अपवाद म्हणून मला औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आठवतात. सातारा जिल्ह्यातलं हे लहानसं संस्थान. राजे चित्रकार, कीर्तनकार. तरुणपणी त्यांनी सँडो या युरोपियन पहिलवानाची साधनं मागवून सुमारे दहा वर्षं त्याच्या पद्धतीचा व्यायाम केला. मग १९०८ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या चाळिशीत, ते सगळं सोडून सूर्यनमस्कार धरले आणि म्हातारपणापर्यंत सोडले नाहीत. त्यांच्यावर पुस्तकं लिहिली, संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले. इंग्लंडमध्ये लुइझ मॉर्गन या बाईंनी संपादित केलेलं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली निघालं. १९५१ साली राजे वारले तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

मी सूर्यनमस्कार घालत नाही. त्यातल्या मंत्रांवरून अधूनमधून जे वाद होतात त्यात मला पडायचंही नाही. मला त्यांच्यातला वेगळाच गुण भावतो. साधनांचा पसारा होता तो त्यांनी टाकला आणि सतरंजीएवढ्या जागेत, रोज पहाटे, काहीही विकत न घेता करता येईल असं निवडलं. राजाला काय, तो आख्खी व्यायामशाळा बांधू शकला असता. शिवाय राणीसाहेब आणि मुलंही त्यात होती. घरात एकट्यानंच व्यायाम करणारा माणूस काही दिवसांनी घरच्यांच्या थट्टेचा विषय होतो, हे मी अनुभवानं सांगतो.

घरच्यांचा विषय निघाला म्हणून. माझ्या बायकोचे गुडघे दुखतात. मी चालायला लागल्यावर उत्साहानं तिलाही उपदेश केला. ती म्हणाली, "सुबह से खड़ी हूँ, और कितनी कसरत करूँ?" मला उत्तर सुचलं नाही. हाच प्रश्न शेतकरी विचारतो. आमच्या नात्यातल्या एकानं दारव्ह्याजवळच्या शेतातून येऊन मला सुनावलं होतं, "तुम्ही खाऊन चालता, आम्ही खायसाठी चालतो." दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि तरी पुरेसं नाही. स्वयंपाकघरात तासन् तास एका जागी उभं राहणं हे पायांना आणि कमरेला थकवतं, पण छाती भरून श्वास लागेल असं त्यात काही नसतं. डवरणी किंवा कापूस वेचणी हे कष्ट खरेच, पण एकाच स्नायूवर, एकाच वाकलेल्या कमरेवर, विसाव्याशिवाय. आणि आता फवारणी आटोपली की शेतकरीही मोटारसायकलवरच घरी येतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीचा एक भाग २०१४ साली प्रसिद्ध झाला; त्यात महाराष्ट्रही होता. निम्म्याहून जास्त लोक शरीरानं निष्क्रिय निघाले आणि फावल्या वेळात मुद्दाम काही व्यायाम करणारे दहा टक्केही नव्हते. बायकांचं प्रमाण तर पुरुषांहून वाईट. पण हे बाईला ऐकवून काय उपयोग? पहाटे साडेपाचला एकटी बाई आमच्या मोहल्ल्यातून चालायला कुठं जाणार, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तो विषय सोडून दिला. ती माझी चूक होती, हे पुढे कळलं.

माझं चालणं नंतर दोन-तीनदा मोडलं, तेही सांगायला हवं. नाहीतर ही यशोगाथा व्हायची. २०१८ चा रमजान मे-जूनमध्ये आला. आपल्याकडचा मे, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर. साखरेच्या रुग्णानं रोजे धरावेत की नाही, गोळ्यांच्या वेळा कशा बदलाव्यात, हे डॉक्टरांना आधीच विचारायचं असतं. मी विचारलं, पण चालण्याचं विचारलं नाही, आणि पहाटेचं चालणं महिनाभर बंद केलं. ईदनंतर पुन्हा सुरू करताना पाय शिशाचे झाले होते. पुढच्या वर्षापासून रमजानमध्ये पहाट सोडून तरावीहनंतर दहा मिनिटं चालतो. दहाच. खुंटीवरचा सदरा तेवढा पडू नये म्हणून.

त्याच २०१८ साली राळेगाव-पांढरकवड्याकडे त्या नरभक्षक ठरवलेल्या वाघिणीची दहशत होती. नोव्हेंबरमध्ये तिला गोळी घातली जाईपर्यंत तिकडच्या गावांत पहाटे बाहेर पडायची सोय नव्हती. तिथले एक शिक्षकमित्र मला फोनवर म्हणाले, "तुमचा डॉक्टर चालायला सांगतो, आमचा वनरक्षक घरात बसायला." ते वर्षभर अंगणातच फेऱ्या मारत होते. माझ्या कारणांपुढे त्यांचं कारण केवढं मोठं.

मग चालकदादा मुलाकडे नागपूरला राहायला गेले. मला वाटलं होतं माझी सवय पक्की आहे. ती अर्धी त्यांच्यावर टेकलेली होती. कोपऱ्यावर मफलर दिसेना, आणि मी आठवडाभर सरळ गल्लीनं घरी आलो. सोबती असावा, पण तो नसेल त्या दिवशी काय करायचं हेही ठरलेलं असावं. मी रेडिओ खिशात टाकायला लागलो.

आणि मार्च २०२० मध्ये मशीदच बंद झाली. मंदिर, मशीद, सगळंच. ज्या खुंटीला सगळं टांगलं होतं ती भिंतच गेली. घरी नमाज पढायचो आणि परत गादीवर. दीड महिन्यात साखर वर गेली. एप्रिलच्या शेवटी, रमजान लागला तेव्हा, एके संध्याकाळी बायको मला शोधत गच्चीवर आली आणि परत खाली गेलीच नाही. पाण्याच्या टाकीला वळसा घालून फेऱ्या मारायला लागली. मी मोजल्या: बावीस. खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि वर तिला पाहणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिची खुंटी वेगळी होती: गच्चीवर वाळत घातलेले कपडे. कपडे काढायला जायचं आणि आधी टाकीभोवती फिरायचं. मी तिला आर्णी रोड दाखवत होतो, तिला गच्ची पुरत होती. चार महिन्यांनी ती जिना एका दमात चढली, तेव्हा माझ्याकडे वळून पाहिलं फक्त. त्या वर्षी पाडव्याला प्रार्थनास्थळं उघडली आणि मी पुन्हा माझ्या रस्त्याला लागलो. ती गच्चीवरच राहिली.

किती चालावं, हे लोक मला हटकून विचारतात. रोज दहा हजार पावलं हा आकडा वैद्यकानं दिलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता. अमेरिकेत वयस्क स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज साधारण ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसायला लागला आणि ७,५०० च्या आसपास तो वाढायचा थांबला. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे रोज बावीस मिनिटं तरी. त्या खोदलेल्या गल्लीनं मला नेमकी बावीसच मिनिटं दिली होती, याचं मला अजून नवल वाटतं.

दोन-चार गोष्टी सावधगिरीच्या. चालताना छाती भरून आली, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, घाम फुटला, तर ते पित्त समजू नका; थांबा आणि दवाखाना गाठा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखरेची पुडी ठेवा, माझ्या खिशात खडीसाखर असते. मधुमेह्यानं अनवाणी चालू नये आणि रात्री झोपताना तळपाय उजेडात पाहावेत. एप्रिल ते जून आठच्या आत घरी. आणि सुरुवात इतकी लहान करावी की सांगायला लाज वाटेल. मी पहिल्या दिवशी पाच किलोमीटर चाललो, त्याचं काय झालं ते सांगितलंच.

गेल्या महिन्यात चालकदादा नागपूरहून चार दिवसांसाठी आले होते. पहाटे कोपऱ्यावर उभे, तोच मफलर. थोडं चालून झाल्यावर दमले आणि मैदानाच्या कठड्यावर बसले. मीही बसलो. "कवी, वय काय झालं आता?" त्यांनी विचारलं. "छप्पन्न." त्यांना अब्बांचं वय माहीत आहे. त्यांनी खिशातला रेडिओ काढून कठड्यावर ठेवला, थोडा आवाज वाढवला. पाच मिनिटांनी आम्ही उठलो आणि राहिलेला वळसा पुरा केला.